जॉर्जिया प्लूम: मुळांच्या तुकड्यांपासून रोपं, या हंगामाची नोंद

जॉर्जिया प्लूम, म्हणजे एलियोटिया रेसिमोसा, हे झुडूप निसर्गात आज अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातच उरलं आहे. अल्टामाहा आणि ओहूपी नद्यांच्या बाजूचे वाळूचे उंचवटे, ब्रॉक्स्टन रॉक्ससारख्या खडकाळ जागा, असा त्याचा मुलूख. जून-जुलैत पांढऱ्याशुभ्र फुलांचे उभे तुरे येतात. प्रत्येक फुलाला बहुधा चारच अरुंद पाकळ्या, आणि फूल उमललं की त्या मागे वळतात.

जंगलातून फुटवा उकरून आणायचा नाही. एकतर झाड राज्याच्या संरक्षित यादीत आहे. शिवाय फुटवा जगतो मूळ झाडाच्या जाड मुळावर, त्याची स्वतःची तंतुमुळं नावापुरतीच असतात, त्यामुळे तो तोडला की सुकतो. मूळ झाड रोपवाटिकेतलंच घ्यावं.

मुळं काढायची फेब्रुवारीअखेर ते मार्च, कळ्या हलायच्या आत. खोडापासून थोडं दूर उकरून पेन्सिलीएवढी जाड मुळं घ्यावीत आणि ८ ते १० सेंटीमीटरचे तुकडे करावेत. एका झाडाची दोन-तीन मुळंच कापावीत. तुकडे उभे न खोचता आडवे ठेवावेत, वर दीड सेंटीमीटर मिश्रण. मिश्रण दोन भाग जाड धुतलेली वाळू आणि एक भाग बारीक पाइनची साल. सामू (पीएच) ४.५ ते ५.५ असावा. समुद्राची वाळू नको. तिच्यात शिंपल्यांचा चुना असतो आणि मीठही.

ट्रे २० ते २४ अंश सेल्सिअसमध्ये, सावलीत. साधारण चार ते आठ आठवड्यांत सालीवर गुलाबीसर टाचणीच्या डोक्याएवढे फुगवटे दिसतात आणि त्यातून कोंब निघतात. इथेच घात होतो. कोंब तुकड्यातल्या साठ्यावर वाढतो, खाली नवीन मुळं अजून आलेली नसतात. वर हिरवं दिसलं म्हणून पाणी वाढवलं की तुकडा कापलेल्या टोकाकडून काळा पडतो आणि बोटाने दाबला तर साल सरकते. मिश्रण ओलसर असावं, मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये.

एका तुकड्यावर तीन-चार कोंब आले तर एक राखून बाकीचे ६-७ सेंटीमीटरचे झाल्यावर कापावेत. बुडाला ०.३ टक्के आयबीएची (मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची) पावडर लावून ते झाकणाखाली दमट हवेत ठेवले की त्यांनाही मुळं धरतात. आमच्या मते या पद्धतीतली खरी कमाई हीच, कारण मूळ झाडाला पुन्हा हात लावावा लागत नाही.

पहिल्या हंगामात कुंडी बदलू नये. मुळं केसासारखी बारीक असतात, मिश्रण ढासळलं की तुटतात. पाणी पावसाचं द्यावं. नळाचं पाणी जड (चुन्याचे क्षार असलेलं) असेल तर सामू चढतो, पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. खत अझेलियाचं, म्हणजे आम्लधर्मी मातीतल्या झुडपांसाठी मिळणारं, पाव मात्रेत. हिवाळ्यात कुंड्या बाहेरच, फक्त गोठू देऊ नयेत. थंडी न मिळालेलं रोप वसंतात नीट फुटत नाही. जमिनीत लावताना अटलांटाकडच्या लाल चिकणमातीत खड्डा खणू नये, तो पावसात हौदासारखा भरतो. जमिनीवर ३० सेंटीमीटर उंच वाफा करावा, तोही उन्हात. जंगलातही बाकीच्या झाडांची दाट सावली चढली की हे झुडूप मागे पडतं, आणि अधूनमधून लागणाऱ्या आगीने जागा मोकळी झाली की पुन्हा जोमाने फुटतं.

मात्र मुळांपासून केलेलं प्रत्येक रोप मूळ झाडाचीच नक्कल असतं. हे झाड स्वतःच्या परागाने बी धरत नाही. जंगलातले बरेचसे ताटवे एकाच झाडाच्या फुटव्यांचे असल्याने तिथे फुलं भरपूर आणि भरीव बी जवळजवळ शून्य. म्हणून ट्रेमध्ये दोन कुळं, म्हणजे दोन वेगळ्या मूळ झाडांचे तुकडे, कधीच मिसळू नयेत. प्रत्येक तुकड्याला मूळ झाडाच्या नावाची चिठ्ठी, शिसपेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई उन्हात उडते. वाफ्यात कमीत कमी दोन वेगळ्या कुळांची रोपं शेजारीशेजारी लावावीत, म्हणजे पुढचं काम मधमाश्या करतील. शरदात बोंडं तपकिरी झाली की उकलायच्या आत काढावीत आणि बी उजेडासमोर धरावं. पातळ पंखाच्या मधोमध भरीव ठिपका दिसला तरच ते ओल्या स्फॅग्नम मॉसमध्ये (एक प्रकारचं शेवाळ) घालून फ्रिजमध्ये ठेवावं, दोनेक महिने.