टक्-टक्-टक्

अनंत चतुर्दशीची रात्र संपून उजाडायला आलं होतं. हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार मिल... इंदूरच्या मिला कधीच्या बंद पडल्या, पण त्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, दरवर्षी निघतात आणि मी दरवर्षी जागतो. घरी येऊन सगळं शूटिंग पोर्टेबल हार्ड डिस्कवर घेतलं, दुपारी दुसरं काम होतं म्हणून कॅमेऱ्याची कार्डं लगेच फॉरमॅट केली आणि चहा घ्यायला उठलो. पायात वायर अडकली. टेबलावरून फरशी, जेमतेम अडीच फूट.

मग आतून आवाज. टक्-टक्-टक्.

बंद असती तर कदाचित वाचली असती. बंद डिस्कचं हेड, म्हणजे डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, बाजूला जाऊन बसतं. चालू असताना ते फिरत्या तबकडीवर केसाहूनही कमी अंतरावर तरंगत असतं, आणि धक्का बसला की तिच्यावर आपटतं. रिकव्हरीवाल्यानं खोलून पाहिली, १८ हजार सांगितले, वर ‘गॅरंटी नहीं’. डबीतून काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून बघू म्हटलं, तर यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्याच बोर्डावर सोल्डर केलेलं, दुसरी वायर लावायला जागाच नाही! बऱ्याच पोर्टेबल डिस्क अशाच असतात, हे तेव्हा कळलं. वॉरंटी होती, पण वॉरंटीत नवी डिस्क मिळते, झांक्या नाही मिळत.

आई एवढंच म्हणाली, “अरे, लोणचंसुद्धा आपण दोन बरण्यांत ठेवतो.”

जेल रोडवर नवी डिस्क घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, “भिया, ५ टीबी ले जाओ, एक में सब आ जाएगा.” एकात सगळं येतं तसं एकात सगळं जातंही, पण त्याला काय सांगणार. शिवाय जास्त टीबीच्या अडीच इंची पोर्टेबल डिस्कमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्याला एसएमआर म्हणतात. एक कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात, म्हणून भरलेल्या डिस्कवर पुसून पुन्हा लिहायला घेतलं की ती अगदी रडकुंडीला आणते. एकदा भरून ठेवून द्यायला मात्र उत्तम. त्यावर थेट एडिटिंग करायचं नाही, एवढं पाळायचं.

कामासाठी १ टीबीची एसएसडी घेतली. आत फिरणारं काही नाही, पडण्याची भीती कमी. खोक्यावर सेकंदाला १०५० एमबी. घरी येऊन ३०० जीबीचं फोल्डर लावलं, तर कॉम्प्युटर दोन तासांहून जास्त वेळ दाखवायला लागला. दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. खरं तर दोष माझा होता. सोबतची केबल बॅगेतच राहिली होती आणि मी मोबाइल चार्जरची टाइप-सी केबल लावली होती. तोंड तेच, पण आत यूएसबी २ च्याच तारा, म्हणजे सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर नाव नाही. केबल बदलली, तरी १०५० नाहीच, कारण माझ्या जुन्या लॅपटॉपचा निळा पोर्ट सेकंदाला ५ गीगाबिटचा. मिळाले साधारण ४३०. फोल्डर बारा मिनिटांत गेलं, मला पुरे. तुमचा पोर्टही तसाच असेल तर त्या १०५० साठी जास्त पैसे मोजू नका.

एसएसडीतही स्वस्त माल असतोच. सुरुवातीचे काही जीबी धडाधड जातात आणि कॅश, म्हणजे आतली तात्पुरती वेगवान जागा, भरली की वेग साध्या हार्ड डिस्कच्याही खाली येतो. म्हणून दुकानात एक छोटी फाइल टाकून ‘देखो, कितनी फास्ट!’ म्हणतात, त्याला भुलू नये. १६ टीबीची एसएसडी दोन हजारांत दिसली तर हातही लावू नका. आतली कंट्रोलर चिप खोटी साइज सांगते, आत चिमूटभर मेमरी. मी आता कुठलीही नवी डिस्क आधी एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) या सॉफ्टवेअरनं पूर्ण भरून, परत वाचून पाहतो. रात्रभर चालतं, चालू दे.

साध्या हार्ड डिस्क दोन घेतल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक माझ्या कपाटात, दुसरी ताईकडे सुदामानगरला. झांक्यांचं शूटिंग दोन्हीवर जाऊन, उघडून पाहिल्याशिवाय आता कार्ड फॉरमॅट होत नाही. गेल्या महिन्यात ताईकडे गेलो तर डिस्क फ्रिजवर, वर विणलेला रुमाल आणि त्यावर फुलदाणी. फुलदाणीत पाणी होतं.