टीएसएच तर नॉर्मल आहे!

"मॅडम, हा इंजेक्शन घेतच नाही. फेकून देत असणार," खुर्चीत बसायच्या आधीच आईने फिर्याद मांडली.

मुलगा नऊ वर्षांचा. उंची वाढावी म्हणून ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं सुरू होऊन दीड वर्ष झालेलं. पहिल्या वर्षात १० सेंटिमीटर वाढलेला हा पोरगा पुढच्या सहा महिन्यांत जेमतेम दीड सेंटिमीटर वाढला होता. ग्रोथ हॉर्मोन अंगात काम करतंय का, हे रक्तात दाखवणाऱ्या आयजीएफ-१ची पातळीही घसरलेली. अशा वेळी पहिला संशय इंजेक्शन चुकवण्यावरच जातो आणि बऱ्याचदा तो खराही निघतो. रोज रात्री सुई, तीही वर्षानुवर्षं! मोठ्या माणसांना रोजची गोळी लक्षात राहत नाही.

उंची मी स्वतः पुन्हा मोजली. आकडा तोच. मग सिस्टरने त्याच्या हातात पेन दिलं आणि म्हणाली, "घरी घेतोस तसं करून दाखव." त्याने नवी सुई बसवली, डोस फिरवून लावला, मांडीवर टेकवून बटण दाबलं आणि ओठातल्या ओठात दहापर्यंत मोजूनच सुई काढली. हे मोजणं बहुतेक मुलं गाळतात, मग औषधाचा थेंब सुईच्या टोकाला लोंबत राहतो. टोचायची जागाही तो रोज बदलत होता. औषध फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब; एकदा गोठलं की ते वापरता येत नाही. आईने आणलेली रिकामी कार्ट्रिजं मोजली, तीही हिशेबाला बरोबर. पोरगा चोर नव्हता.

मग मी त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहरा जरा सुजल्यासारखा, कातडी कोरडी, नाडी संथ. पोट साफ होत नाही, शाळेतून आला की झोपतो, सगळ्यांना उकडत असताना याला पांघरूण लागतं. वडिलांच्या मते हा अभ्यासाचा कंटाळा.

"थायरॉइड बघितलंय का?"

"दोन महिन्यांपूर्वीच. टीएसएच नॉर्मल आहे," वडिलांनी रिपोर्ट पुढे केला.

गोम तिथेच होती. टीएसएच हा पिट्युटरीने, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीने, थायरॉइडला धाडलेला हुकूम. थायरॉइड मंदावली तर हुकूम वाढतो आणि रिपोर्टमध्ये दिसतो. पण इथे हुकूम देणारीच अधू होती. त्याच्या जुन्या एमआरआयमध्ये पिट्युटरी लहान, देठ बारीक आणि मागचा भाग जागेवर नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. अशा मुलांत आज एक हॉर्मोन कमी, तर काही वर्षांनी दुसरं, असं होऊ शकतं. त्यात ग्रोथ हॉर्मोनच्या उपचाराने टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन, आणखी उतरतं आणि झाकलेली कमतरता उघडी पडते. नुसत्या टीएसएचवर अशा मुलाला 'नॉर्मल' म्हणण्यात अर्थ नाही.

फ्री टी-फोर, म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं टी-फोर, तपासायला पाठवलं. संध्याकाळी रिपोर्ट आला, चांगलंच कमी.

"मग थायरॉइडची गोळी आजपासूनच देऊ ना?" आईने फोनवर विचारलं. मी थांबवलं. पिट्युटरीच्याच हुकमावर बनणारं, शरीराला ताण सोसायला लागणारं कॉर्टिसॉल हे हॉर्मोनही कमी असेल आणि आपण गोळीतलं थायरॉक्सिन आधी दिलं, तर शरीर असलेलं कॉर्टिसॉलही भराभर संपवतं. मूल कोसळू शकतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा रक्त. कॉर्टिसॉल पुरेसं निघालं, तेव्हाच गोळी लिहिली. रिकाम्या पोटी, रोज.

फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवलं: 'फ्री टी-फोर करणे, नुसते टीएसएच नको.'

तीन महिन्यांनी तो अडीच सेंटिमीटर वाढून आला. वडील आठवड्यातून एकदाच घ्यायच्या नव्या इंजेक्शनांची चौकशी करत होते. आईला त्यात रस नव्हता. तिने फाइल उघडून विचारलं, "कॉर्टिसॉल परत कधी करायचं?"