रात्री दोन वाजता मास्क का निघतो

सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाची हवा देणारं मशीन, वापरणाऱ्यांची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार अशी: झोपताना मास्क नीट लावला होता, सकाळी पाहिलं तर तो उशीखाली. कधी काढला ते आठवत नाही. मग मशीनला नावं ठेवली जातात, मास्क बदलला जातो, नाहीतर "मला हे जमणार नाही" म्हणून सगळं कपाटात जातं. गोव्यात, विशेषतः जूनपासून सप्टेंबरपर्यंत, यातल्या पुष्कळ तक्रारींचं मूळ नाकात असतं. म्हणून आधी नाक पाहावं.

झोपेत श्वास अडण्याच्या आजारात, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियात, मुख्य अडथळा घशात असतो: पडजिभेच्या आणि जिभेच्या मागे. झोप लागली की तिथले स्नायू सैल पडतात आणि हवा आत ओढताना घसा मिटतो. यात नाकाचा भाग कसा येतो ते शहाळं पिताना दिसतं. कागदी स्ट्रॉ भिजून मऊ झाली आणि तिचं खालचं तोंड मलईत रुतलं, की ओढताना ती मधेच चपटी होते. अडथळा खाली, चपटी झाली मधे. नाक चोंदलं की घशाचं नेमकं तेच होतं, कारण हवा जास्त जोराने ओढावी लागते. नाक चोंदलेल्या दिवसांत घोरणं वाढतं, ते यामुळेच.

सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली दाखवून दिलं की नाकावाटे थोड्या दाबाची हवा सतत सोडली तर घसा आतून उघडा राहतो. आजची मशीनं ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब देतात. उपाय तोच आहे, आणि वाटही तीच: हवा नाकातून जायला हवी.

किती तास जायला हवी, हेही महत्त्वाचं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या चाचणीत भारतासह ७ देशांतले २,७१७ रुग्ण होते. सगळ्यांना आधीपासून हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. सीपॅपमुळे त्यांचं घोरणं आणि दिवसाची झोप कमी झाली, पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. मशीनचा सरासरी वापर रात्री ३.३ तास होता. निष्कर्षावरचा वाद अजून चालू आहे. पण दोनला मास्क निघाला तर पहाटेची झोप, जिच्यात स्वप्नं जास्त पडतात आणि बऱ्याच जणांचा श्वास सर्वाधिक अडतो, ती उपचाराविना जाते, एवढं नक्की.

आता मास्क निघतो कसा ते पाहू. निरोगी नाक दर श्वासाला आत येणारी हवा गरम आणि ओली करतं, आणि श्वास सोडताना त्यातला काही ओलावा परत मिळवतं. नाकाचा मास्क लावलेला माणूस झोपेत तोंड उघडतो तेव्हा हा हिशेब मोडतो. मशीनची हवा नाकातून आत शिरते आणि तोंडातून बाहेर पडते. एकाच दिशेने, न थांबता. नाक ओलावा देत राहतं आणि परत काही मिळत नाही. आतलं अस्तर सुकतं, त्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि नाक आणखी चोंदतं. नाक चोंदलं की तोंड आणखी उघडतं. एकदा हे चक्र सुरू झालं की तास-दोन तासांत गुदमरल्यासारखं होतं आणि हात आपोआप मास्ककडे जातो. सिडनीच्याच गटाने १९९६ मध्ये हे मोजून दाखवलं: तोंडातून हवा सुटू दिली की नाकातला अडथळा वाढतो, हवा गरम करून ओली केली की ती वाढ बरीचशी टळते, आणि थंड पाण्यावरून नुसती हवा नेल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून ह्युमिडिफायरला, म्हणजे मशीनची हवा ओली करणाऱ्या पाण्याच्या टाकीला, तापणारी पट्टी लागते. त्याला चैनीची वस्तू समजू नये.

इथे गोव्यातली एक ठरलेली चूक येते. बाहेर धो धो पाऊस, भिंतींना ओल, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी. मग मशीनला आणखी ओलावा कशाला, असं म्हणून लोक ह्युमिडिफायर बंद करतात. आणि झोपतात एसी लावून. हिशेब करून पाहा. २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. एसीच्या खोलीत २२ अंश आणि ५० टक्के असेल, तर ते १० ग्रॅमच्या आसपास उरतं. फुप्फुसापर्यंत पोचताना हवेला ४४ ग्रॅम लागतात. फरक भरून काढायचं काम नाकावर पडतं, आणि एसीत ते काम दीडपटीहून जास्त होतं. त्यामुळे ह्युमिडिफायरचा आकडा, म्हणजे ओलावा कमी-जास्त करण्याचं सेटिंग, खोलीकडे बघून ठरवावा, अंगणातल्या पावसाकडे बघून नव्हे. पंख्यावर, खिडक्या उघड्या ठेवून झोपणाऱ्याला १ किंवा २ वर भागतं, कधी बंद ठेवूनही. एसीत ४ पासून सुरू करावं आणि सकाळी नाक-घसा कोरडा वाटला तर रोज एक आकडा वाढवावा.

आकडा वाढवला की दुसरी अडचण उभी राहते. मध्यरात्री पाइपमध्ये गुडगुड आवाज येतो आणि नाकावर पाण्याचे थेंब पडतात. कोमट, ओली हवा थंड पाइपमधून जाते आणि गार पाण्याच्या तांब्याला जसा बाहेरून घाम येतो तसा पाइपला आतून येतो. यावर आकडा परत खाली आणणं हा शेवटचा उपाय. आधी मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवावं, म्हणजे पाणी उलटं टाकीकडे जाईल. पाइप पांघरुणाखालून घ्यावा किंवा त्यावर सुती कापडाची लांब पिशवी शिवून चढवावी. एसीचा झोत पाइपवर येऊ देऊ नये आणि एसी २५-२६ वर ठेवावा. परवडत असेल तर तापणारा पाइप घ्यावा.

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालावं. आरओचं पाणी डिस्टिल्ड नसतं. त्यात क्षार कमी असतात, पण असतात. रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकी उघडी सुकू द्यावी. पावसाळ्यात ती सुकत नाही, हीच खरी कटकट आहे. स्वच्छ कापडाने आतून पुसून पंख्याखाली ठेवावी. आठवड्यातून एकदा एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी अर्धा तास भरून ठेवावं, मग भरपूर धुवावं. फिल्टर महिन्याने बदला असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढून पाहावा. करडा झाला, काळे ठिपके दिसले किंवा कुबट वास आला तर त्याच दिवशी बदलावा. ओझोनने मशीन साफ करणारे डबे ऑनलाइन मिळतात. ते घेऊ नयेत. ओझोन श्वासनलिकेला त्रास देतो आणि मशीनमधला फोमही खराब करू शकतो.

आता नाकाची तयारी. नाक मोकळं आहे की नाही हे खुर्चीत बसून तपासू नये. आडवं पडल्यावर नाकातल्या रक्तवाहिन्या भरतात आणि कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी चोंदते. म्हणून दहा मिनिटं आडवं पडून, तोंड मिटून श्वास घेऊन पाहावा. तेवढ्यात तोंड उघडावं लागलं तर मास्क लावण्याआधीच काहीतरी करायला हवं.

पहिली पायरी नाक धुण्याची. पाव लिटर पाण्याला अर्धा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलं किंवा डिस्टिल्ड असावं. विहिरीचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात कधीही घालू नये. क्वचित आढळणारा, पण मेंदूपर्यंत जाणारा अमीबा त्यातून शिरू शकतो. वॉशबेसिनवर पुढे वाकायचं, डोकं किंचित तिरकं, तोंडाने श्वास चालू, आणि वरच्या नाकपुडीत हळू पाणी सोडायचं. बाटली जोरात दाबली तर कानात दडा बसतो. झाल्यावर एकेक नाकपुडी हलकेच शिंकरावी.

दहा-पंधरा मिनिटांनी, डॉक्टरांनी दिला असेल तर, स्टिरॉइडचा स्प्रे. तो बहुतेक जण चुकीचा मारतात. उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारला की धार मधल्या पडद्यावर बसते; तिथे खपली धरते, रक्त येतं आणि "हा स्प्रे मला सोसत नाही" असं ठरतं. उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा, मान थोडी खाली, आणि नळीचं टोक त्याच बाजूच्या कानाकडे. मारल्यावर जोरात ओढू नये. औषध घशात उतरून कडू लागलं तर ते नाकात राहिलंच नाही. याचा गुण यायला कित्येक दिवस, कधी दोन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी सोडून देणं म्हणजे फुकट.

याउलट झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब दहा मिनिटांत नाक उघडतात, आणि धोका त्यातच आहे. तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर थेंबांचा परिणाम उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि बाटली सुटत नाही. रोजच्या सीपॅपसाठी हे थेंब नव्हेत. बाम नाकपुडीत किंवा मास्कच्या आत लावणंही बंद करावं. बामचा गारवा नाक उघडल्याचा नुसता भास देतो, आणि तेलकट बाम मास्कच्या सिलिकॉनला घातक.

तेलावरून आणखी एक. झोपताना केसांना आणि चेहऱ्याला खोबरेल लावायची सवय गोव्यात घरोघर आहे. मास्कची गादी त्यावर सरकते, हवा डोळ्यांकडे फुटते, मग पट्टे आवळले जातात आणि नाकाच्या दांड्यावर वण पडतो. तेल सकाळी लावावं. रात्री चेहरा साबणाने धुऊन कोरडा करावा, गादीही रोज सौम्य साबणाने धुवावी. पट्टे आवळायचे ते आडवं पडून, मशीन चालू असताना. बसून आवळलेला मास्क आडवं पडल्यावर बसत नाही, कारण गाल सरकलेले असतात.

तोंड उघडतं म्हणून लगेच नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क घेण्याची घाई करू नये. तो जबडा आणि जीभ मागे ढकलतो, बऱ्याच जणांना त्यावर जास्त दाब लागतो आणि वापराचे तासही कमी भरतात. नाक सुधारून, हनुवटीची पट्टी वापरून, तरीही तोंड उघडं राहत असेल तरच तो घ्यावा. नाक बंद असताना तोंडाला टेप लावणं मात्र धोक्याचं आहे.

मशीन सुरू केल्यावर कानात दडा बसणं, टकटक होणं पुष्कळांना जाणवतं. नाकाच्या मागून कानापर्यंत जाणाऱ्या नळीत दाब शिरतो. गिळलं की जातं. सर्दी असताना कान दुखायला लागला, कानातून पाणी आलं किंवा ऐकू कमी आलं, तर मशीन थांबवून कान दाखवावा.

सत्तरी-पेडण्यात पावसात झाड तारेवर पडलं की वीज तासन् तास येत नाही, त्याचीही तयारी हवी. ह्युमिडिफायर बंद असताना मशीन साधारण ३० वॉट ओढतं. आठ तासांचे २४० वॉट-तास. १५० अँपिअर-तासाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १,८०० असतात. निम्मे वापरायचे धरले तरी पंख्यासकट रात्र निघते. ह्युमिडिफायर आणि तापणारा पाइप चालू असेल तर खर्च दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून वीज गेल्यावर तो बंद करावा. एसीही बंदच असतो, त्यामुळे हवा तशीही ओली असते. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा घ्यावा.

हे सगळं महिनाभर नीट करूनही एक बाजू कायम बंदच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. नाकाचा मधला पडदा वाकडा असेल, टर्बिनेट (नाकाच्या आतल्या बाजूच्या भिंतींवरचे उंचवटे) वाढले असतील किंवा पॉलिप (अस्तराचे मऊ फुगवटे) असतील तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिच्याकडून अपेक्षा मात्र योग्य ठेवावी. नाकाच्या शस्त्रक्रियेने ॲप्निया सहसा जात नाही. मशीन सोसणं तेवढं सोपं होतं. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात, नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर लागणारा दाब सरासरी ११.६ वरून ९.५ सेंटिमीटरवर आला होता. दोन सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण तेवढ्याने मास्कची गळती आणि तोंडाचं उघडणं, दोन्ही कमी होतात. घोरणं कायमचं बंद करून देतो असं कुणी नाकाच्या शस्त्रक्रियेआधी सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जा की खासगी दवाखान्यात, नुसती फाइल नेऊ नका. मशीनमधलं मेमरी कार्ड न्या. त्यात रोजचे तास, गळती आणि उरलेला एएचआय, म्हणजे तासाला श्वास अडण्याच्या किंवा कमी होण्याच्या घटना, नोंदलेला असतो. तो ५ च्या खाली आहे आणि तरीही मास्क दोनला निघतो, तर दाब पुरेसा आहे आणि प्रश्न नाक, मास्क किंवा ओलाव्याचा आहे. गळतीचा आलेख मध्यरात्रीनंतर चढत गेलेला दिसला तर तोंड उघडत असल्याची शक्यता मोठी. मास्क सोबत न्या आणि तपासणीच्या टेबलावर आडवं पडून लावून दाखवा. जुनी स्लीप स्टडीही, म्हणजे झोपेच्या तपासणीचा अहवाल, न्या, आणि तिच्यात ऑक्सिजन ३ टक्के उतरल्यावर घटना मोजली आहे की ४ टक्के, ते विचारा. त्याच रात्रीचा एएचआय ३ टक्क्यांच्या नियमाने जास्त येतो. घरी केलेल्या चाचणीत तर जागेपणाचा वेळही भागाकारात धरला जातो आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. त्यामुळे नवा-जुना आकडा शेजारी ठेवण्याआधी दोन्ही एकाच मापाने मोजलेत ना, हे डॉक्टरांकडूनच वाचून घ्या.