घमेलं, थापी आणि हत्ती

आयुष्यात पहिल्यांदा घमेलं उचललं, तेही नामिबियात!

उगाब नदीजवळ आहोत, स्वयंसेवक म्हणून. नदी म्हणजे नुसती वाळू, पाणी वर्षातून मोजके दिवस. एका शेतकऱ्याच्या टाकीभोवती दगडी भिंत बांधतोय. इथले वाळवंटी हत्ती दिवसाला शंभर-दीडशे लिटर पाणी सहज पितात. पाण्याचा वास लागला की पाइप उखडतात, टाकी फोडतात, मग शेळ्या तहानलेल्या आणि माणसं हत्तींवर चिडलेली. म्हणून ही भिंत.

"रजा काढून, वर पैसे भरून गवंडीकाम?" आईने फोनवर विचारलं. तिचंही खरंच आहे म्हणा.

दुपारी समोर ब्रँडबर्ग डोंगर (२५७३ मीटर) उन्हात नुसता थरथरत होता. आमच्या मुकादमाने (तो इथल्या दामारा समाजाचा) कालवलेला माल बोटांनी चाचपला आणि मान हलवली. पुन्हा कालवा. तिसऱ्यांदा! तळहाताला दोन फोड आलेत.

हत्ती दिसला का? नाही. पण संध्याकाळी नदीच्या वाळूत एक ताजं पाऊल सापडलं. आत बारीक रेषांचं जाळं, आजीच्या टाचेच्या भेगांसारखं. शेजारी घमेलं ठेवून पाहिलं. जवळजवळ तेवढंच!