८०८५ किट : दुपारचं हँग होणं सापडलं!

दोष ८०८५ प्रोसेसरमध्ये नव्हता, रॅममध्येही नव्हता. ७४एलएस३७३ या लॅचच्या (पत्ता धरून ठेवणाऱ्या चिपच्या) सॉकेटमध्ये होता!

माझं हे शिकायचं किट दुपारी हँग होतं, असं मी इथे विचारलं होतं. लक्षणं आठवत असतीलच. रात्री मॉनिटर प्रोग्राम (किट चालवणारा मूळ प्रोग्राम) व्यवस्थित, पण नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी कुलरही गरम हवा फेकायला लागला की डिस्प्लेवर कचरा, रीसेट दाबूनही उपयोग नाही. तुम्ही सुचवल्याप्रमाणे ६२६४ (रॅम) बदलली, सप्लाय बदलला. फरक शून्य.

मग फ्री-रन करायचं ठरवलं, म्हणजे प्रोसेसरला काहीच काम न देता नुसता पळवायचा. एका बाद २७६४ (ईप्रॉम, प्रोग्राम साठवणारी चिप) मध्ये सगळीकडे ०० भरले. त्यासाठी ती पुसावीही लागत नाही, कारण प्रोग्रामिंगमध्ये १ चा ० कधीही होतो. तिची २० नंबरची (चिप निवडणारी) पिन सॉकेटबाहेर वाकवून ग्राउंडला जोडली, रॅम काढून ठेवली. आता कुठल्याही पत्त्यावर नॉपच (००, 'काही करू नको' ही सूचना) मिळणार आणि प्रोसेसर नुसता मोजत सुटणार. क्रिस्टल ६.१४४ चा, आत ३.०७२ मेगाहर्ट्झ, नॉपला ४ टी-स्टेट (क्लॉकचे ठोके). ए१५ (सर्वात वरची ॲड्रेस लाइन) वरचा एलईडी सेकंदाला सुमारे १२ वेळा लुकलुकायला हवा. लुकलुकला. हेअर ड्रायरने बोर्ड तापवला, तरी लुकलुकतच राहिला. डोकं फिरायची वेळ आली.

पण ए८ ते ए१५ थेट प्रोसेसरमधून येतात. ३७३ मधून जातात त्या खालच्या आठच, कारण त्यांच्याच तारांवरून नंतर डेटाही जातो. हिशोब केला तर ए७ वर बरोबर ३ किलोहर्ट्झ निघतात, म्हणजे कानाला ऐकू येणारा सूर! लॅचच्या आउटपुटला छोटा ॲम्प्लिफायर लावला. खणखणीत सूर. ड्रायर सुरू केला आणि सूर एकदम बारीक झाला. ३७३ बोटाने दाबली की पुन्हा भरदार. ३७३ नवी घातली तरी तेच.

सॉकेटच्या सोल्डरवर एएलई (लॅचला पत्ता धरायला सांगणारा सिग्नल) येत होता. लॉजिक प्रोब आयसीच्या ११ नंबरच्या पायावर हलकाच टेकवला, तर काहीच नाही. एलएसची इनपुट लोंबकळली की हायसारखी वागते, लॅच उघडाच राहतो आणि डेटा आला की पत्ता पुसला जातो. मल्टिमीटर मात्र बीप देत होता, कारण प्रोब दाबला की संपर्क जुळायचा.

एकपाती (पायाला एकाच बाजूने धरणारे) सॉकेट आता माझ्या बोर्डवर नाहीत. बर्डीवरून (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून) गोल पिनचे आणले. महाग आहेत, पण नागपूरच्या उन्हाळ्यात तेच घ्या.

१९७६ ची ही चिप मला म्हणूनच आवडते. तिची ॲड्रेस लाइन कानाने ऐकता येते.

पुढचं काम ८२५१ (सिरीयल संवादाची चिप) बसवायचं होतं, ते थांबवलंय. आधी रॅमची सेल्फ-टेस्ट : फक्त रजिस्टर वापरायची, ए रजिस्टरमध्ये सी० आणि ४० (हेक्स) आळीपाळीने टाकून सिम ही सूचना द्यायची, एसओडी या सिरीयल आउटपुट पिनवर सूर. स्टॅक लागत नाही, त्यामुळे रॅम गेली तरी किट बोलेल. आणि हे लिहिताना सुचलं, त्याच एसओडीवरून सिरीयल पाठवलं आणि एसआयडीवर (सिरीयल इनपुट पिनवर) घेतलं तर ८२५१ हवीच कशाला? ४८०० बॉडच्या (सेकंदाला ४८०० बिट) डिले लूपचं गणित आज रात्री मांडतो.