हँडलपायी गेलेला शनिवार

माझ्या फिक्सीला, म्हणजे फिक्स्ड गिअरच्या सायकलला, ड्रॉप हँडल (रेसिंग सायकलचं असतं तसं खाली वाकलेलं) लावलं होतं ते निव्वळ दिसायला झकास म्हणून. खरं सांगते, खालच्या वाकावर मी वर्षभरात दहा वेळाही हात ठेवला नसेल. रायबंदरच्या कॉजवेवर वारा समोरून आला की तेवढाच त्याचा उपयोग. आल्तिनोच्या उतारावर मात्र जीव मुठीत. फिक्सीचं पेडल चाकाबरोबर फिरतच राहतं, पाय सोडून बसायची सोय नाही. त्यात पुढच्या ब्रेकची मूठ हाताला लांब.

म्हणून आज बुलहॉर्न, म्हणजे शिंगांसारखं पुढे वळलेलं हँडल, घेऊन म्हापशाला गेले. मेकॅनिक काकांनी हँडल स्टेमपाशी (हँडल मधे जिथे आवळतात तो भाग) नुसतं धरलं आणि हसले. "बाय, हें बसचें ना." माझा स्टेम २५.४ मिमीचा, नवं हँडल मधे ३१.८. दुकानात सगळं बघितलं, रंग बघितला, हे एवढंच बघायचं राहिलं!

शेवटी त्यांच्याकडचंच साधं सरळ हँडल घेतलं. हात धरायच्या जागी नळी २२.२ची, त्यामुळे ब्रेकची साधी मूठ सरळ आत सरकली. रुंद होतं, म्हणून दोन्हीकडून कापायचं ठरलं. मी तीन-तीन सेंटीमीटर म्हटलं, काकांनी दोनावरच खूण केली. "आधी चालवून बघ. कापलेलं परत वाढत नाही." मग करवत, अॅल्युमिनियमचा चुरा, कानसीचे चार हात, आणि ग्रिप बसेना म्हणून आत थोडं साबणाचं पाणी.

येताना पर्वरीच्या ट्रॅफिकमधून निघाले. मनगटं दुखली नाहीत. उजवी ग्रिप अजून जराशी फिरतेय, साबण वाळायचाय.

बुलहॉर्न कोणाला हवाय का? कोरा आहे.