पाणी निल, फोम निल

नोकरीला लागून मला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. मराठवाड्यातला विमानतळ, मे महिना, दुपारचे पावणेदोन. फायर स्टेशनच्या पत्र्यावर नुसता हात ठेवला तरी चटका बसत होता. सकाळी ड्यूटीवर येताच गाड्या तपासून झाल्या होत्या: पाणी, फोम, पावडर, एअर प्रेशर, मॉनिटरचा, म्हणजे गाडीच्या टपावरच्या पाण्या-फोमच्या तोफेचा, फवारा. डबा उघडून पहिला घास घेतला आणि क्रॅश बेल वाजली.

वॉच रूममध्ये बसलेल्या असिस्टंटचा आवाज स्पीकरवर आला. टॉवरनं सांगितलेलं तो शब्दन् शब्द परत म्हणत होता. फुल इमर्जन्सी. एअरबस ए३२०, हायड्रॉलिक फेल्युअर (म्हणजे ब्रेक वगैरे चालवणारा तेलाचा दाब गेलेला), विमानात १७४ जण, उतरायला अकरा मिनिटं. त्याच्या आवाजात घाई नव्हती. आकडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून ती खुर्ची नवख्याला देत नाहीत, हे मला पुढे कळलं.

आमच्यातली पदं बाहेर कुणाला माहीत नसतात, सगळे 'फायरवाले'च. बारावी किंवा डिप्लोमा करून, गाडीचं लायसन्स काढून, दोर चढून आणि माणूस खांद्यावर उचलून पळून दाखवल्यावर ज्युनिअर असिस्टंट होता येतं. मग असिस्टंट, सीनिअर असिस्टंट, सुपरिंटेंडेंट. इंजिनिअर होऊन येणारे ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह म्हणून लागतात आणि पुढे असिस्टंट मॅनेजर, मॅनेजर होत जातात. मी सगळ्यात खालच्या पायरीवर होतो आणि तरी पहिल्या सीएफटीच्या (क्रॅश फायर टेंडर, आमची आग विझवायची गाडी) मॉनिटरची जॉयस्टिक माझ्या हातात होती. स्टिअरिंगवर सीनिअर असिस्टंट. मागे होजवर दोघं. शिफ्टचे सुपरिंटेंडेंट जीपमध्ये. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. ड्यूटी ऑफिसर टॉवरशी आरटीवर, म्हणजे रेडिओवर.

नियमानं धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोचायचं असतं, जमेल तर दोन मिनिटांतच. त्या दिवशी आधी कळलं होतं, म्हणून आम्ही धावपट्टीच्या कडेला, ठरलेल्या जागी, इंजिन चालू ठेवून उभे होतो. ती अकरा मिनिटं मला नोकरीतल्या कुठल्याही रात्रीपेक्षा लांब वाटली. सूटच्या आत घामाच्या धारा. ड्रायव्हर कुंपणापलीकडच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "त्र्याण्णवचं माहितीये ना रे?" माहीत होतं. २६ एप्रिल १९९३ ला औरंगाबादहून मुंबईला निघालेलं बोइंग ७३७ उडता उडता कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांत गेलं आणि पडलं. ५५ माणसं गेली. मराठवाड्यातल्या फायर सर्व्हिसमध्ये ही गोष्ट सांगावी लागत नाही, नोकरीबरोबरच मिळते.

विमान आलं. चाकं खाली होती, बघून जिवात जीव आला. ए३२० ला हायड्रॉलिकच्या तीन सिस्टीम असतात: हिरवी, निळी, पिवळी. हिरवी गेली होती. म्हणजे नेहमीचे ब्रेक नाहीत, पिवळीवरचे पर्यायी ब्रेक तेवढे उरले. टेकलं ते जोरात, धावलं लांब, आणि धावपट्टीच्या शेवटच्या भागात मधोमध थांबलं. आम्ही मागोमाग सुटलो होतोच.

डाव्या मुख्य चाकांतून धूर येत होता. पांढरट, दाट. त्याखाली कसलेतरी थेंब पडत होते. मी मॉनिटर चाकावर धरला, अंगठा बटणावर. खिडक्यांतून चेहरे दिसत होते, एका मुलानं काचेला तळहात लावलेला. माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं: सोड, सोड, सोड.

आरटीवर नानांचा आवाज आला. "मॉनिटर कुणी चालवणार नाही. ब्रेक तापलेत. ज्वाळा नाही. पाणी नाही."

तापलेल्या चाकावर एकदम गार पाणी पडलं तर धातू तडकतो, चाक फुटू शकतं, आणि त्याचे तुकडे आसाच्या रेषेत, दोन्ही बाजूंना उडतात. म्हणून जवळ जायचं ते समोरून किंवा मागून, बाजूनं कधीच नाही. हे मी ट्रेनिंगला लिहून पास झालो होतो. आणि तरी माझा अंगठा तिथेच होता.

दुसरं कारण गणिताचं. या लांबीच्या विमानासाठी फायर सर्व्हिसच्या तयारीची कॅटेगरी ६ लागते: फोमसाठी किमान ७,९०० लिटर पाणी आणि मिनिटाला ४,००० लिटरचा मारा. भागाकार केला तर दोन मिनिटंही भरत नाहीत. धुरावर ते उडवलं आणि मग खरंच आग लागली, तर १७४ माणसांना वाट कशानं करून देणार?

नाना होजवाल्या एकाला घेऊन नाकाच्या बाजूनं, अंतर ठेवून उभे राहिले. दुसरीकडे हात करून दुसऱ्या गाडीला शेपटीच्या अंगाला लावलं. त्यांची नजर धुराच्या रंगावर होती. मध्येच फुस्स करून मोठा आवाज झाला आणि मी सीटवरून अर्धा उठलो. एका टायरची हवा चालली होती. चाकात फ्युजिबल प्लग असतात, फार तापलं की ते वितळतात आणि टायर फुटण्याआधी हवा सोडून देतात. चाक आपलं काम करत होतं. नानांनी मागे न वळता आमच्या दिशेनं तळहात दाखवला. थांबा.

किती वेळ गेला ते लॉगमध्ये आहे, मला आठवतं ते धूर विरळ होत जाणं. ड्यूटी ऑफिसरनं टॉवरमार्फत कॅप्टनला कळवलं: आग नाही, स्लाइड उघडू नका, शिडी येते आहे. स्लाइडवरून, म्हणजे दारातून फुगून बाहेर येणाऱ्या घसरगुंडीवरून, घाईनं उतरताना माणसांचे पाय मोडतात. लोक उजव्या बाजूच्या पुढच्या दारानं एकेक करून शिडीनं उतरले. काचेला हात लावणारा मुलगा आजीचं बोट धरून, मान वळवून वळवून आमच्या गाडीकडे बघत गेला.

स्टेशनवर परत आल्यावर नानांनी मला बोलावलं.

"अंगठा कुठं होता तुझा?"

"बटणावर, नाना."

"हं. माझाही पहिल्या वेळी तिथंच होता." त्यांनी लॉगबुक माझ्यापुढे सरकवलं. "लिही तू."

वेळ, विमान, जागा, गाड्या. मग शेवटचे दोन रकाने आले. पाणी: निल. फोम: निल. हात अजून थरथरत होता, 'निल' मधली वेलांटी चुकली, खोडून पुन्हा काढली. नानांनी खाली सही केली आणि गार झालेला डबा उघडला.